जागा मिळाली, त्या घरात आई म्हणून कोण राहणार?

बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुणांचा प्रश्न आहे. गावातल्या एका शेतकऱ्याने दोन एकर जमीन देऊ केली आहे. गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर आई-वडील नसलेली, किंवा वडील वारले आणि आई दुसरं लग्न करून गेली अशी बरीच मुलं आहेत. पंचवीस-तीस मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत राहतील असं घर त्यांना बांधायचं आहे. सुरुवात कुठून करावी, परवानगी कोण देतं, खर्च कसा भागेल, असं त्यांनी विचारलं आहे.

मी मराठवाड्यात बालसंरक्षणाचंच काम करत आले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. सगळं वाचा आणि मगच पुढचं पाऊल टाका, एवढी विनंती.

आधी बांधकामाचा विचार थांबवा. निराधार मुलं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आश्रम उभा राहतो. पंढरपूरला प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये बालकाश्रम काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते स्वतःच्या राहत्या घरात. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं आणि पोटच्या मुलासारखं वाढवलं. मला ही वाट जवळची वाटते. तीस मुलांची इमारत झाली की तिथे घंटा येते, पंगत येते, अधीक्षक येतो. पोटभर मिळतं, कुणी अंगावर हात टाकत नाही, तरी रात्री ताप चढला की उशाशी बसणारं माणूस त्या मुलाचं असं कुणी नसतं. आज आहे तो कर्मचारी उद्या सोडून जातो. असं चार-पाच वेळा झालं की मूल कुणाला जीव लावायचंच सोडून देतं. ते नुकसान पुढे भरून काढायला फार वर्षं लागतात.

कायदाही हेच सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. शिवाय मुलांना ठेवून घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला कलम ४१ खाली नोंदणी लागते. ती नसेल तर कलम ४२ नुसार एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. 'आमचा हेतू चांगला होता' हे तिथे चालत नाही. तेव्हा कुणी दयेपोटी उद्या एखादं मूल तुमच्या दारात आणून सोडलं, तर त्याला जेवू घाला आणि २४ तासांच्या आत १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) कळवा. स्वतःच्या मनाने ठेवून घेऊ नका.

आता मुलांकडे येऊ. तुमच्याकडे मुलांची यादी आहे का? अंदाज नको, यादी हवी. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, तिघांना घेऊन घरोघर जा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर तरी असतेच. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असतात. ती जागी करा आणि यादी तिच्यामार्फत होऊ द्या. पंचवीस-तीस नावं घेऊन बसलात की लक्षात येईल की त्यातल्या बहुतेकांना कुणी ना कुणी आहे. काही मुलं ऊसतोडीवाल्यांची असतील. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मुलं आजीजवळ राहतात किंवा फडावर जातात. ही मुलं निराधार नाहीत. त्यांना सहा महिन्यांचा आधार हवा आहे: हंगामी वसतिगृह नीट चालणं, आजीला मदत, आणि वयात आलेल्या मुलीचं लग्न हंगामाआधी उरकलं जाणार नाही याकडे गावाचं लक्ष. त्यांना तुमच्या घरात आणलंत तर चांगल्या हेतूने आई-बापांपासून तोडल्यासारखं होईल.

दुसरी मुलं असतील ती एकट्या आईची. नवऱ्याने गळफास घेतला, कर्ज मागे, सासरचे हिस्सा द्यायला तयार नाहीत, आणि ही बाई म्हणते, 'ताई, पोरांना कुठंतरी आश्रमात टाका, निदान शिकतील तरी.' तिला मुलं नकोशी झालेली नसतात. तिच्यापाशी पैसे नसतात. राज्याच्या क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये, मूल स्वतःच्या घरातच वाढावं म्हणून, प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत लागतं. अर्ज अडतात ते कागदांपायी, आणि तुमच्या भागात एक कागद हमखास अडवतो: वडिलांचा मृत्यू दाखला. माणूस उसाच्या फडावर गेलेला असतो सांगली-कोल्हापूरकडे किंवा बेळगावकडे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. अंत्यविधी गावी झाला म्हणून घरचे इथल्या ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतात, तिकडे नोंदच झालेली नसते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. तुमच्यातल्या दोघा तरुणांनी नुसतं एवढं काम अंगावर घेतलं, म्हणजे तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून तारीख-ठिकाण काढणं, तिकडच्या ग्रामपंचायतीशी बोलणं, अर्ज मार्गी लावणं, तरी कितीतरी मुलं स्वतःच्या घरात राहतील. विटा-सिमेंटपेक्षा मी हे काम आधी करीन.

असं करत यादी खाली आली की उरतील ती खऱ्या अर्थाने घर नसलेली मुलं. कदाचित पाच, कदाचित आठ. आजी थकलेली आहे, मामा सांभाळायला तयार नाही, किंवा घरातच मारहाण किंवा त्याहून वाईट काही आहे. दीर्घकालीन घर हवं आहे ते यांना.

यात लहान बाळं आणि पूर्ण अनाथ मुलं असतील तर त्यांची वाट वेगळी आहे. बालकल्याण समिती त्यांना दत्तकासाठी मुक्त ठरवू शकते. दत्तक जाऊ शकणाऱ्या मुलाला दीर्घकालीन फोस्टर केअरमध्ये (दत्तक न देता दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला) देता येत नाही, असं कलम ४४ स्पष्ट म्हणतं. हे मुलाच्या भल्याचं आहे. त्याला कायमचे आई-बाप मिळण्याची संधी तुमच्या मायेपोटी हुकू नये. गावातल्या गावात 'हिचं बाळ तिला' असा परस्पर व्यवहार तर कुणी सुचवला तरी करू नका. तो गुन्हा आहे.

बाकीच्यांसाठी कलम ४४ मध्येच दोन मार्ग आहेत. पहिला, नात्यात नसलेलं पण योग्य ठरवलेलं कुटुंब, म्हणजे प्रतिपालक कुटुंब. गावातलंच एखादं जोडपं, मुलं मोठी होऊन पुण्याला गेलेली, घर मोकळं, मनाने मोठी माणसं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर एकटी व्यक्तीही फोस्टर पालक होऊ शकते. पूर्वी जोडपंच लागायचं. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी देत नाहीत. आणि मूल त्या घरात दोन वर्षं नीट रुजलं, तर तोवर ते दत्तकासाठी मोकळं झालेलं असल्यास त्याच कुटुंबाला दत्तक मागता येतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. दुसरा मार्ग सामूहिक फोस्टर केअरचा: एका घरात एक सांभाळणारी आणि जास्तीत जास्त आठ मुलं. ऑस्ट्रियात हर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये एसओएस बालग्राम सुरू केली ती याच धर्तीवर: एक घर, एक आई, त्या घरातली भावंडं. आपल्याकडे पुण्यात येरवड्याला आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरला अशी बालग्रामं उभी राहिली. लातूरचं बालग्राम तुमच्यापासून लांब नाही. परवानगी घेऊन एकदा बघून या. तिथलं आवार मोठं आहे, तुम्हाला तेवढं करायचं नाही. एका घरात स्वयंपाक कसा होतो, पोरं आईशी कशी भांडतात, तेवढं पाहा.

दोन्हींसाठी आदेश बालकल्याण समितीचा लागतो आणि काम जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत चालतं. गृहचौकशी होते, पोलीस पडताळणी होते, नंतर दर महिन्याला पाहणी व्हायची असते. सामूहिक फोस्टर केअर अनेक अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष हाताळलेलं नसतं, त्यामुळे फाईल रेंगाळेल. चिडू नका. अधिनियमाची आणि मार्गदर्शक सूचनांची प्रत सोबत ठेवा, प्रत्येक भेटीची पोच घ्या आणि तुमची मुलांची यादी पुढे करा. ज्यांच्याकडे अशी यादी असते त्यांचं काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे.

आता ज्यावर सगळं उभं आहे त्याबद्दल. त्या घरात आई म्हणून कोण राहणार?

बाई पस्तीस-चाळिशीची, तब्येतीने धड, बहुधा विधवा किंवा परित्यक्ता, जिला या कामात दहा-पंधरा वर्षं काढायची आहेत. शिक्षण सातवीपर्यंत असलं तरी चालेल, औषधाच्या बाटलीवरचं वाचता आलं म्हणजे झालं. मुलाखतीत सगळ्याच म्हणतात, 'मला लेकरांची फार आवड आहे.' त्यावर जाऊ नका. विचारा: पोराने तुमच्या पिशवीतले वीस रुपये उचलले तर काय कराल? नववीतली मुलगी उशिरा घरी आली आणि कुठे होते ते सांगेना, तर? नऊ वर्षांच्या पोराने रोज अंथरूण ओलं केलं तर? मग तिला काही दिवस एखाद्या चालू घरात राहायला पाठवा आणि मुलं झोपल्यावर ती काय करते ते तिथल्या बाईला विचारा. जी उगाच आवाज चढवत नाही आणि दुसऱ्या दिवशी राग शिल्लक ठेवत नाही, ती घ्या. फार सोवळं-ओवळं पाळणारी, किंवा मुलांची जात विचारणारी नको.

आणि मग तिला टिकवा. घरं मोडतात ती इथे. आपण तिला 'माऊली' म्हणतो, स्टेजवर शाल-श्रीफळ देतो आणि पगार देतो शेतमजुरीएवढासुद्धा नाही. ती चोवीस तास कामावर आहे. तिला ठरलेल्या तारखेला पगार, भविष्य निर्वाह निधी, दवाखान्याचा विमा आणि महिन्यातून चार दिवस हक्काची सुट्टी द्या. त्या चार दिवसांसाठी दर वेळी नवी बाई नको. एकच मदतनीस मावशी कायमची ठेवा, म्हणजे मुलांना तीही घरातली वाटेल. आई साठीला आली की कुठे राहणार, हेही आजच लिहून ठरवा. तिचं म्हातारपण बांधलेलं असेल तरच ती तुमच्या मुलांचं बालपण बांधेल. मला विचाराल तर निधीतला सगळ्यात मोठा वाटा इथे जायला हवा, बांधकामावर नव्हे.

घर गावाबाहेर दोन एकरांत कुंपण घालून नको. गावातच एखादं रिकामं घर भाड्याने घ्या, तीन खोल्या आणि पुढे अंगण असलेलं. शेजार लागतो. पोरं शेजारच्या ओट्यावर खेळली पाहिजेत, कुणाच्या लग्नात वाढायला गेली पाहिजेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यांसोबत बसली पाहिजेत. घरावर 'अनाथ' शब्द असलेली पाटी लावू नका. स्वयंपाकघर घरातलंच असू द्या. केंद्रीय भोजनगृहाचा मोह टाळा. आज कालवण काय करू म्हणून मुलीला विचारलं जाणं, गिरणीत दळण टाकायला पोराला पाठवणं, यातच घरपण रुजतं. प्रत्येकाला कुलूप लागेल असा स्वतःचा एक कप्पा द्या. भावंडांना शक्यतो एकाच घरात ठेवा. कायदाही तेच सांगतो.

पहिले काही महिने जड जातात. एका घरात सात वर्षांचा एक मुलगा आला होता. रोज रात्री अर्धी भाकरी उशीच्या अभ्र्यात सरकवायचा. मुंग्या लागल्या तेव्हा कळलं. तिथल्या आई त्याला काहीही बोलल्या नाहीत. झाकणाचा एक स्टीलचा डबा आणला, त्यावर त्याचं नाव कोरून घेतलं आणि रोज रात्री चतकोर भाकरी नि गुळाचा खडा घालून तो त्याच्या उशाशी ठेवायला लागल्या. डबा तुझा, कुणी हात लावणार नाही, एवढंच सांगितलं. काही महिन्यांनी सकाळी डबा भरलेलाच निघायला लागला, आणि पुढे त्याने तो शाळेला न्यायला सुरुवात केली. इथे कुणी 'चोरून खातोस' म्हणून चारचौघांत बोललं असतं, तर त्या पोराने भाकरी लपवणं सोडलं नसतं, फक्त जागा बदलली असती. अंथरूण ओलं करणं, खोटं बोलणं, गप्प बसणं, विनाकारण मारामारी, सगळ्याला हीच नजर लागते. 'आई' म्हणायची सक्ती करू नका. मावशी म्हणेल, काकू म्हणेल, काही मुलं वर्षभर काहीच म्हणत नाहीत.

मुलाची मूळ माणसं तोडू नका. आईने दुसरं लग्न केलं म्हणून गाव तिला नावं ठेवतं, पण मुलाच्या मनात तिची जागा असतेच. समितीने मनाई केलेली नसेल तर तिला भेटू द्या. भेटीचा दिवस ठरवा आणि ती आली नाही तर त्या दिवशी मुलाजवळ कुणीतरी असू द्या. फोस्टर केअरमध्ये मुलाचं नाव, आडनाव, वडिलांचं नाव बदलत नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये ते जपा, पुढे जातीच्या दाखल्याला हेच कागद लागतात.

आणि जमीन. या विषयावर फार कमी लोक बोलतात. वडील गेले की सातबाऱ्यावर मुलाची वारस नोंद लागली पाहिजे. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असला तरी हिस्सा त्याचा आहे, फक्त नावापुढे अज्ञान पालनकर्त्याची नोंद होते. चुलते कसत असतात, 'पोराचं आम्हीच बघतो' म्हणतात, आणि अठराव्या वर्षी कळतं की नोंदच नाही. हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अज्ञानाची जमीन आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही; चुलत्याला तर तो अधिकारच नाही. मूल घरात आलं की पहिल्याच महिन्यात सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) काढा, नोंद नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत घ्या. ती मोफत असते. यावरून गावात वाईटपणा येईल, तो सोसायची तयारी ठेवा.

खर्चाचं थोडक्यात सांगते. मिशन वात्सल्यच्या दराने आठ मुलांचे महिन्याला ३२,००० रुपये होतात, पण ते महिन्याच्या महिन्याला हातात पडतील या भरवशावर किराणा भरू नका. अनुदान थकतं, आधार जोडणीत अडकतं, मग एकदम जमा होतं. सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय पहिलं मूल आणू नका. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, आयकर सवलतीची नोंदणी करून घ्या, दरवर्षी ताळेबंद ग्रामसभेत वाचा. सुगीत ज्वारी, तूर, बाजरी गावाकडून जरूर घ्या. गावाचं धान्य आलं की घरही गावाचं होतं. जुने कपडे मात्र सरसकट घेऊ नका. आणि वाढदिवसाला केक घेऊन येणारे, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणारे, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. काळजी व संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा नाव छापणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसलाही ते लागू आहे. ज्याला खरंच द्यायचं आहे तो फोटोशिवाय देतो.

सुरक्षिततेत भिडस्तपणा नको. घरात येणाऱ्या-राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी, मग तो संस्थेचा अध्यक्ष का असेना. कुणीही एकट्याने मुलाला बाहेर नेणार नाही, रात्री मुक्काम करणार नाही. मुलांना १०९८ पाठ हवा, आणि घराबाहेरचं एक माणूस, गुरुजी किंवा आशाताई, असं हवं की ज्याच्यापाशी मूल तुमचीही तक्रार करू शकेल. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातलं घरात मिटवू' म्हणणारा विश्वस्त त्याच दिवशी मंडळातून काढा.

मूल अठराचं झालं की अनुदान थांबतं. अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर पायावर उभं राहण्यासाठीची, मदत २१ पर्यंत आणि काही बाबतीत २३ पर्यंत मिळू शकते; तिचा अर्ज सतराव्या वर्षीच तयार ठेवा. पूर्ण अनाथ असेल तर महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढून घ्या. राज्यात २०१८ पासून अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, आणि कागदाअभावी कितीतरी मुलं त्याला मुकतात. बँक खातं, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, सातबारा, लसीकरणाचं कार्ड, सगळं एका फायलीत त्याच्या हातात द्या.

पण कागदांनी भागत नाही. पोरगा पुण्यात कंपनीत लागला आणि काम सुटलं तर कुठे येईल? मुलगी पहिल्या बाळंतपणाला कुठे येईल? दिवाळीला कुणाच्या दारात? म्हणून घर भाड्याने घेताना किंवा पुढे कधी बांधताना एक खोली जास्तीची धरा, जिथे अठराच्या वरची मुलं कधीही येऊन राहतील. आठ मुलांच्या मोजणीत ती बसत नाही, त्यामुळे सरकारी पैसा तिला मिळणार नाही. तिचा खर्च देणग्यांच्या पहिल्याच अंदाजपत्रकात लिहा. घर चालू झाल्यावर ही खोली देणगीदारांना पटवून देणं फार जड जातं.